एका लॅपटॉपवर चार पायथन: पॅकेज बांधताना कुठला कुणाचा?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, सगळे नाहीत.)

आज जरा कोडच्या आतल्या गल्लीत शिरायचंय. लॅपटॉप समोर नसला तरी चालेल, बसमध्ये ऐकत असाल तरी समजेल. कमांड्स मी बोलूनच दाखवणार आहे.

सुरुवात एका तक्रारीपासून करू. लिनक्स नव्याने वापरणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये ती फिरून फिरून येते: ‘उबुंटूवर पायथनची नवी आवृत्ती टाकली आणि आता टर्मिनलच उघडत नाही.’ आयकॉनवर क्लिक केलं की चक्र फिरतं, थांबतं, संपलं. एरर नाही, काही नाही. उद्या प्रोजेक्ट सबमिट करायचाय आणि घरात लॅपटॉप एकच आहे.

झालेलं असतं असं. उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० येतो. प्रोजेक्टला ३.११ हवा. इंटरनेटवर तीन ओळींची कृती सापडते. पहिल्या दोन ओळी ३.११ इन्स्टॉल करतात, त्यात काहीच वाईट नाही. तिसरी ओळ अपडेट-अल्टरनेटिव्हज वापरून सिस्टीमला सांगते, ‘यापुढे पायथन३ म्हटलं की ३.११ समज.’ ती तिसरी ओळ घात करते.

कारण उबुंटू २२.०४ वर टर्मिनलचा जो आयकॉन तुम्ही दाबता, तो थेट टर्मिनल सुरू करत नाही. मध्ये एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. तिचं नाव ग्नोम-टर्मिनल, आणि खरा प्रोग्रॅम ‘ग्नोम-टर्मिनल डॉट रिअल’ या नावाने शेजारीच बसलेला असतो. ही स्क्रिप्ट सुरू झाल्या झाल्या ‘जीआय’ नावाचं मॉड्यूल मागते. डेस्कटॉपच्या लायब्ररींशी पायथनने बोलायचं ते याच्यामार्फत. पण या मॉड्यूलचा एक भाग सीमध्ये लिहून कंपाइल केलेला आहे, आणि उबुंटूने तो फक्त ३.१० साठी बांधून दिलाय. ३.११ ला तो सापडत नाही. स्क्रिप्ट मरते, पण ती आयकॉनमागे मरते म्हणून तुम्हाला काही दिसत नाही. याचंच भावंड म्हणजे ‘नो मॉड्यूल नेम्ड एपीटी-पीकेजी’ ही एरर. कारण तेच.

आत्ता कुणी याच अवस्थेत ऐकत असेल तर आधी उपाय सांगतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा. सुडो चालेल, सुडो पायथनमध्ये लिहिलेला नाही. अल्टरनेटिव्हजमधून पायथन३ ची नोंद काढा आणि लगेच लिंक हाताने परत करा: सुडो, एलएन, वजा-एस-एफ, पायथन३.१०, मग स्लॅश-यूएसआर-स्लॅश-बिन-स्लॅश-पायथन३. ‘लगेच’ म्हणतोय कारण नोंद काढली की लिंकसुद्धा जाते आणि मधल्या वेळात पायथन३ नावाचं काहीच उरत नाही. आणि हो, ३.१० हे २२.०४ साठी. २०.०४ असेल तर ३.८, २४.०४ असेल तर ३.१२. झालं की कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२ ने डेस्कटॉपवर परत या.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मशीनवरच्या प्रत्येक पायथनला एक मालक असतो. सिस्टीमच्या पायथनची मालक सिस्टीम. अपडेट्स, टर्मिनल, प्रिंटरची सेटिंग असं बरंच काही त्याच्यावर चालतं. सोसायटीच्या टाकीसारखं समजा. आपल्याला अंघोळीला गरम पाणी हवं म्हणून कुणी गच्चीवरच्या टाकीत हीटर सोडत नाही, आपल्या बादलीत सोडतो. ३.११ शेजारी येऊन बसला तर काही बिघडत नाही. ‘पायथन३’ हे नाव त्याच्याकडे वळवलं की बिघडतं.

हे वळवणं इतकं महाग का पडतं ते समजायला आवृत्तीचे आकडे वाचावे लागतात. समजा ३.११.४. शेवटचा आकडा बदलला, ४ चा ९ झाला, तर शक्यतो काही होत नाही, दुरुस्त्या असतात. पहिला आकडा क्वचित बदलतो, त्याची गोष्ट पुढे येतेच. मधला आकडा दरवर्षी ऑक्टोबरमध्ये बदलतो, आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. या मधल्या आकड्याला इंग्रजीत ‘मायनर’ म्हणतात, पण पॅकेज बांधणाऱ्याची झोप तोच उडवतो.

नुसत्या पायथनमध्ये लिहिलेला कोड बहुतेक वेळा ३.१० वरही चालतो आणि ३.१२ वरही. कंपाइल केलेला भाग मात्र त्याच मधल्या आकड्याला बांधलेला असतो, आणि हे फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. शेवटी ‘सीपायथन-३१०’ असेल तर ती ३.१० ची, ‘सीपायथन-३११’ असेल तर ३.११ ची. पायथन ३.२ पासून ही पद्धत आहे. तिचा फायदा असा की दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात. (‘एबीआय३’ नावाची एक पळवाटही आहे. पायथनच्या ठरावीक, कमी बदलणाऱ्या भागापुरतं मर्यादित राहून कंपाइल केलं तर एकच फाइल पुढच्या आवृत्त्यांनाही चालते. पण सगळ्या लायब्ररींना तेवढ्यात भागवता येत नाही.)

फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. एक दिवस पॅकेजेस अपग्रेड केली, पायथन ३.११ चा ३.१२ झाला, आणि पिपने टाकलेलं सगळं गायब. खरं तर गायब काहीच झालेलं नसतं. ते ३.११ च्या फोल्डरमध्ये पडून असतं आणि ३.१२ आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये शोधत असतो. परत इन्स्टॉल करणं हाच रस्ता.

इथपर्यंत वापरणाऱ्याची बाजू झाली. आता खुर्ची बदलू. समजा तुम्ही एक छोटं डेस्कटॉप ॲप लिहिलंय आणि त्याचं पॅकेज करून लोकांना द्यायचंय. तुमच्या मशीनवर एक पायथन आहे. त्यांच्या मशीनवर कुठला, ते तुमच्या हातात नाही.

पहिली ठेच स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीवर लागते. तिला शेबँग म्हणतात. ‘ही फाइल कुणाकडून चालवायची’ हे तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक ट्यूटोरिअल्समध्ये तिथे ‘एन्व्ह पायथन३’ असतं, म्हणजे ‘पाथमध्ये जो पहिला सापडेल तो घे’. स्वतःच्या प्रयोगांसाठी छान आहे. पॅकेजमध्ये मात्र ते टाळा. वापरणाऱ्याने पायएन्व्ह टाकून स्वतःचा ३.१३ पुढे आणला असेल, तर तुमचं ॲप त्या ३.१३ च्या गळ्यात पडेल, आणि तुम्ही सिस्टीमसाठी मागवलेल्या लायब्ररी त्याला दिसणारच नाहीत. म्हणून डेबियनची पॅकेजेस पहिल्या ओळीत सिस्टीमच्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहितात.

याची उलटी बाजू जास्त गोंधळात टाकते. ‘टर्मिनलमधून ॲप चालतं, मेनूतल्या आयकॉनवरून चालत नाही.’ पायएन्व्हची सेटिंग सहसा बॅशआरसी फाइलमध्ये असते. ती फाइल टर्मिनल वाचतं, डेस्कटॉपचा मेनू वाचत नाही. म्हणजे एकच ‘एन्व्ह पायथन३’ टर्मिनलमध्ये एका पायथनकडे जातो आणि आयकॉनवरून दुसऱ्याकडे. लोक दोन-दोन दिवस आयकॉनची फाइल तपासत बसतात, आणि चूक तिथे नसतेच.

मग हजारो पॅकेजेस सांभाळणारे हे कसं जमवतात? डेबियनची पद्धत मला शिकण्यासारखी वाटते. तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात: ‘डिफॉल्ट’ पायथन, आणि ‘सध्या चालणाऱ्या’ पायथन्सची यादी. डिफॉल्ट एकच. यादीत काही काळ दोन असू शकतात. नवा पायथन आला की तो आधी नुसता यादीत जातो. मग कंपाइल केलेले भाग असलेल्या लायब्ररी जुन्या आणि नव्या अशा दोन्हींसाठी बांधून घेतात, चाचण्याही दोन्हींवर चालतात. जे मोडतं ते दुरुस्त होतं किंवा बाहेर जातं. बरंचसं जमलं की डिफॉल्ट बदलतात, आणि शेवटी जुना यादीतून काढून ती पॅकेजेस पुन्हा बांधतात. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं ते ३.११ घेऊन, ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं ते ३.१३ घेऊन. मधल्या काळात पडद्याआड हेच चालू होतं.

यात आपल्या कामाचा एक फरक आहे. लायब्ररी असेल तर ती यादीतल्या सगळ्या पायथन्ससाठी बांधायची. ॲप असेल तर फक्त डिफॉल्टसाठी पुरतं, कारण ॲपला कुणी ‘इम्पोर्ट’ करत नाही, लोक ते चालवतात. बांधताना लागणारी पॅकेजेसही म्हणून वेगळी आहेत: ॲपसाठी ‘पायथन३-डेव्ह’, सगळ्यांसाठी बांधायचं तर ‘पायथन३-ऑल-डेव्ह’. एवढा फरक कळला तरी निम्मं डोकं शांत होतं.

जेंटू नावाच्या लिनक्समध्ये हेच उघड लिहावं लागतं. प्रत्येक पॅकेज सांगतं ‘मला हे-हे पायथन चालतात’, वापरणारा सांगतो ‘मला हे-हे हवेत’, आणि दोन्हींत जे जुळतं त्यासाठी बांधलं जातं. गंमत म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर स्वतः पायथनमध्ये आहे. पायथन बिघडवला तर तो दुरुस्त करायचं हत्यारही गेलं!

आता पहिला आकडा बदलतो तेव्हा काय होतं. यासाठी कॅलिबरची गोष्ट सांगतो. ई-बुक्स वाचणाऱ्यांना ते माहीत असेल: पुस्तकं सांभाळायला, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायला. भारतीय प्रोग्रॅमर कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं. मोठं ॲप, बरंचसं पायथनमध्ये, काही भाग सीमध्ये, वर क्यूटीचा इंटरफेस. आणि सगळं पायथन २ वर.

पायथन २ ची मुदत १ जानेवारी २०२० ला संपणार हे बरंच आधी जाहीर झालं होतं. २०१७ मध्ये कॅलिबरच्या बग ट्रॅकरवर ही आठवण करून दिली गेली, तेव्हा गोयल यांचं उत्तर साधारण असं होतं की पायथन २ मी स्वतः सांभाळू शकतो. अनेकांना हा हट्ट वाटला. मला त्यात एक सरळ हिशोब दिसतो. कॅलिबरचं अधिकृत पॅकेज आपला पायथन आणि लागणाऱ्या लायब्ररी स्वतःसोबत घेऊन येतं. तुमच्या सिस्टीमवर कुठला पायथन आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्वतःची बादली. मग सोसायटीने टाकी बदलली तर मला काय?

पण लिनक्सवर दुसरा रस्ताही असतो. डेबियन, आर्च असे प्रकल्प कॅलिबर स्वतः बांधतात, आणि ते सिस्टीमचा पायथन वापरतात. त्यांना पायथन २ काढून टाकायचा होता. मुदत संपलेली भाषा ठेवली तर तिच्यातल्या सुरक्षेच्या भोकांची जबाबदारी त्यांच्यावर येते. एका लोकप्रिय ॲपसाठी अख्खं जुनं घर उभं ठेवायचं का, हा त्यांचा प्रश्न. दोघांचंही बरोबर, आणि अडकतो वाचक.

शेवटी कोड पायथन ३ वर न्यावाच लागला. इतरांनीही पॅचेस पाठवले, आणि बराच काळ एकच कोड दोन्ही पायथन्सवर चालेल असा ठेवत काम झालं. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबर ५ पायथन ३ वर आलं. नुसतं पुस्तक उघडून वाचणाऱ्याला फरक कळलाही नसेल. बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या प्लगिन्सपैकी काही मात्र तेव्हा पायथन ३ वर आलेली नव्हती, आणि ती चालेनाशी झाली. ज्यांचं काम त्या प्लगिन्सवर अवलंबून, त्यांना ४ च्या मालिकेवरच थांबावं लागलं. म्हणजे आपली बादली वेगळी ठेवली तरी तिच्यातून पाणी घेणारे लोक असतातच.

आणि हे स्थलांतर एवढं अवघड का? एक उदाहरण आपल्या लिपीतलंच देतो. ‘नमस्कार’ हा शब्द. पायथन २ मधल्या साध्या स्ट्रिंगला त्याची लांबी विचारली तर उत्तर २१. पायथन ३ ला विचारली तर ७. डोळ्यांना तर अक्षरं चारच दिसतात: न, म, स्का, र. पायथन २ ची साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट्स, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. पायथन ३ चिन्हं मोजतो: न, म, स, हलन्त, क, काना, र. सात. पुस्तकांवर काम करणाऱ्या ॲपमध्ये मजकूर जागोजागी असतो, आणि प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं, इथे बाइट्स आहेत की अक्षरं? इंग्रजी पुस्तकावर ही चूक बऱ्याचदा लपून राहते, मराठीवर लगेच उघडी पडते. माझ्या मते पायथन ३ ने हे वेगळं केलं ते बरंच केलं, त्रास झाला तरी.

सगळं सोबत बांधून द्यायचा रस्ता आज खूप सोपा झालाय. फोनवर आपल्याला त्याची सवयच आहे, एपीके आपलं बरंच सामान सोबत घेऊन येतं. डेस्कटॉपवर पायइन्स्टॉलर, ॲपइमेज, फ्लॅटपॅक, स्नॅप. फ्लॅटपॅकमध्ये थोडा मधला मार्ग आहे: ‘रनटाइम’ नावाचा सामाईक पाया असतो आणि त्यावर अनेक ॲप्स बसतात. पण फुकट काही नाही. पायथनमध्ये सुरक्षेची चूक सापडली तर सिस्टीमच्या अपडेटने सिस्टीमचा पायथन दुरुस्त होतो, तुमच्या पोटलीतला नाही. नवी पोटली तुम्हीच बांधून द्यायची, आणि तीही लोकांनी घ्यायला हवी.

पायइन्स्टॉलरबद्दल दोन गोष्टी, कारण कॉलेज प्रोजेक्ट्समध्ये तोच जास्त दिसतो. विंडोजचं ॲप विंडोजवरच बांधावं लागतं, लिनक्सवर बसून होत नाही. आणि लिनक्सवर नव्या उबुंटूवर बांधलेलं जुन्या उबुंटूवर चालेल याची खात्री नसते, कारण सिस्टीमची सी लायब्ररी तो सोबत घेत नाही. म्हणून जेवढी जुनी सिस्टीम सांभाळायची, तिच्यावर बांधायचं. विंडोजवरही लक्ष असू द्या: पायथन ३.९ पासून विंडोज ७ सुटलंय. दुकानातल्या किंवा लॅबमधल्या जुन्या मशीनवर ॲप चालवायचं असेल तर ३.८ च्या पुढे जाता येत नाही, आणि ३.८ ला आता दुरुस्त्या मिळत नाहीत. तिथे काय करायचं हा तांत्रिक प्रश्न कमी आणि त्या माणसाशी बोलायचा जास्त आहे.

मग रोजच्या कामाला काय वापरायचं? सिस्टीमचा पायथन सिस्टीमला ठेवा, प्रत्येक प्रोजेक्टला व्हेन्व्ह करा. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून तर पिप सरळ अडवतोच: ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’. त्याला डावलायचा जो पर्याय आहे त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ ठेवलंय. इतकं प्रामाणिक नाव क्वचित मिळतं! वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर पायएन्व्ह किंवा यूव्ही. उबुंटूवर डेडस्नेक्सचा पीपीएसुद्धा चालतो, तो नवे पायथन शेजारी ठेवतो, पायथन३ च्या नावाला हात लावत नाही.

पायएन्व्हमध्ये डेस्कटॉपवाल्यांसाठी एक खास खड्डा आहे. तो पायथन तुमच्याच मशीनवर कंपाइल करतो. त्या वेळी टीकेच्या डेव्हलपमेंट फाइली, म्हणजे ‘टीके-डेव्ह’, नसतील तर पायथन तयार होतो, पण टीकेइंटरशिवाय. नुसती एक सूचना येऊन वर सरकून जाते आणि कुणी वाचत नाही. मग खिडकी उघडायची वेळ आली की ‘नो मॉड्यूल नेम्ड टीकेइंटर’. पिपने ते मिळत नाही. टीके-डेव्ह टाकून पायथन पुन्हा बांधायचा. आणि ॲपला जीआय हवं असेल तर माझा सल्ला, पायएन्व्हच्या नादी न लागता सिस्टीमच्या पायथनवरच व्हेन्व्ह करा, ‘सिस्टीम-साइट-पॅकेजेस’चा पर्याय देऊन. मग सिस्टीमने बांधलेलं जीआय दिसतं आणि बाकीचं तुमचं वेगळं राहतं.

पॅकेजच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स-पायथन’ ही ओळ असते. तिथे ज्यावर खरंच चालवून पाहिलंय तीच किमान आवृत्ती लिहा. पाहायला टॉक्स नावाचं साधन आहे, एकाच कमांडमध्ये ३.१०, ३.११, ३.१२ अशा सगळ्यांवर चाचण्या करून देतं. जुन्या टोकाला चाचणी हवी तशी नव्या टोकालाही हवी, कारण पायथनमधून गोष्टी जातातही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ आला आणि डिस्टयूटिल्स गेलं, ज्यावर वर्षानुवर्षं सेटअप डॉट पीवाय फाइली उभ्या होत्या. सेटअपटूल्स स्वतःसोबत त्याची प्रत ठेवतं, म्हणून ते इन्स्टॉल असलं की बऱ्याच जुन्या फाइली अजून चालतात. पण ३.१२ पासून नव्या व्हेन्व्हमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही, आणि मग कालपर्यंत बांधलं जाणारं पॅकेज आज पहिल्याच ओळीवर पडतं. पुढच्याच वर्षी ३.१३ ने सीजीआयसारखी १९ जुनी मॉड्यूल्स काढली.

तुमच्या मशीनवर किती पायथन आहेत ते आज घरी गेल्यावर बघा. कमांड अशी: विच, वजा-ए, पायथन३. जेवढ्या ओळी येतील त्यांच्यापुढे मालकाचं नाव लिहा, आणि सिस्टीमच्या ओळीला हात लावू नका. पुढच्या भागात फ्लॅटपॅकचं पॅकेज सुरुवातीपासून बांधू, तेव्हा लॅपटॉप समोर ठेवा.